लष्कर आणि आपलं पुणं : दक्षिण कमांडची गोष्ट

पुण्यात रिक्षावाल्याला 'लष्करात जायचंय' असं सांगितलं, तर आपण भरती व्हायला निघालोय असं त्याला वाटत नाही. तो सरळ कॅम्पात नेतो. छावणीचं नाव शहराच्या बोलण्यात इतकं मुरलं आहे. याच लष्कर भागात सैन्याच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे. कामानिमित्त आपण त्या भिंतींजवळून नेहमी जातो. आत काय चालतं ते आपल्याला कळणार नाही आणि कळूही नये! पण हे ठाणं इथे आलं कसं आणि आपलं झालं कसं, हे मात्र मुलाबाळांना माहीत असायला हवं.

सुरुवात कटू आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखाली पेशव्यांची फौज इंग्रजांशी लढली. त्याच दिवशी संगमावरची एल्फिन्स्टनची रेसिडेन्सी जाळली गेली. पण लढाई हातची गेली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. जिंकलेल्या राजधानीवर नजर ठेवायला फौज हवी, म्हणून शहराबाहेर छावण्या पडल्या. म्हणजे हे लष्कर पुण्याच्या रक्षणासाठी आलं नव्हतं. पुण्यावर पहारा ठेवायला आलं होतं.

इंग्रजांच्या तेव्हा बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन वेगवेगळ्या फौजा होत्या. १ एप्रिल १८९५ रोजी त्या मोडून एकच हिंदी सैन्य करण्यात आलं आणि त्याचे चार कमांड पाडले. त्यातला बॉम्बे कमांड हा आजच्या दक्षिण कमांडचा मूळपुरुष. १९०८ मध्ये किचनेरच्या फेररचनेत 'सदर्न आर्मी' झाली. तिच्याकडे पुणे, महू, सिकंदराबाद आणि क्वेट्टा इथल्या डिव्हिजन, शिवाय ब्रह्मदेश आणि एडनसुद्धा! पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या सुमारास 'सदर्न कमांड' हे नाव आलं आणि ते टिकलं. बोरघाटातून मुंबईपर्यंत रेल्वे १८६३ मध्येच सुरू झाली होती. पुण्यातली पलटण एका दिवसात बंदरावर पोचू शकत होती, हे या जागेचं मोठं मोल.

नोव्हेंबर १९१४ मध्ये तसंच झालं. 'सहावी पूना डिव्हिजन' समुद्रमार्गे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बसरा घेतलं, बगदादच्या जवळ धडक मारली आणि मग माघार घेताना कुत या गावी तुर्कांनी वेढलं. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने वेढा चालला. अन्न संपलं, घोडे मारून खायची वेळ आली आणि ते मांस बऱ्याच हिंदी शिपायांना शिवेना. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जण शरण गेले. पुढे वाळवंटातून पायपीट आणि वेठीची कामं. त्यात हजारो मेले. साताऱ्याकडे, कोकणात काही गावांतून महायुद्धाला गेलेल्यांची संख्या कोरलेल्या दगडी पाट्या अजून दिसतात. डिव्हिजनला नाव पुण्याचं होतं, माणसं आपली होती, लढाई मात्र दुसऱ्याची. म्हणून की काय, पण आपण त्यांना पार विसरलो.

स्वातंत्र्यानंतर हेच ठाणं आपल्यासाठी काम करू लागलं. हैदराबादवरच्या कारवाईचा आराखडा कमांडचे इंग्रज प्रमुख लेफ्टनंट जनरल गोडार्ड यांच्या काळात आखला गेला. तो तडीस नेला त्यांच्या जागी आलेल्या लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजींनी. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरच्या बाजूने रणगाडे निघाले, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. मराठवाड्यातून इथे येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांना १७ सप्टेंबरचं मोल वेगळं सांगायला नको.

मग आलं १९६१ साल. जुन्या पुणेकरांना ते पानशेतसाठी आठवतं. धरण खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी पावसात, रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैला धरण फुटलंच, पण भल्या पहाटेऐवजी लोक जागे झाल्यावर. ते काही तास मिळाले नसते तर किती घरं झोपेतच वाहून गेली असती, याचा विचार करवत नाही. त्यानंतर पाचच महिन्यांनी, १८ डिसेंबरला, दक्षिण कमांडचे प्रमुख जनरल चौधरी यांच्या देखरेखीखाली फौजा गोव्यात शिरल्या. १९ तारखेला पोर्तुगीज शरण आले आणि साडेचारशे वर्षांची सत्ता संपली.

'दक्षिण' म्हटलं की केरळ-तामिळनाडू डोळ्यांपुढे येतात. पण १९७१ मध्ये जैसलमेर-बाडमेरचं वाळवंट आणि कच्छ हीसुद्धा याच कमांडची जबाबदारी होती. प्रमुख होते लेफ्टनंट जनरल बेवूर, जे पुढे सरसेनापती झाले. ४ डिसेंबरच्या रात्री लोंगेवालाच्या चौकीवर जेमतेम सव्वाशे जवानांनी रणगाड्यांना थोपवलं आणि सकाळी हवाई दलाच्या हंटर विमानांनी बाकीचं काम केलं. २००५ मध्ये जयपूरला नवा नैऋत्य कमांड झाला, तरी राजस्थानच्या सीमेचा काही भाग आणि गुजरातची सीमा आजही पुण्याच्या अखत्यारीत आहे. देशाच्या भूभागाचा साधारण चाळीस टक्के हिस्सा या कमांडकडे येतो. १९९३ चं किल्लारी असो की २००१ चं भूज, ढिगाऱ्याखालून माणसं काढायला जवान धावले होते.

छावणी आणि शहर यांच्यात कुरबुरी होतातच. कुठला रस्ता बंद झाला, कुठे बांधकामाला परवानगी अडली, यावर सोसायटीच्या कट्ट्यावरही जोरदार चर्चा झडतात. त्या होऊ द्याव्यात. पण १८१७ मध्ये पहारा द्यायला आलेलं ठाणं १९६१ मध्ये आपल्यासाठी पोती वाहत होतं, हेही त्या चर्चेत कुणीतरी सांगायला हवं.

घोरपडीजवळ दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. १९९८ मध्ये ते खुलं झालं आणि त्यासाठी नागरिकांनी वर्गणी दिली होती. वर्गणी गोळा करणं किती जिकिरीचं असतं ते आपल्या कमिटीला विचारा! येत्या सुट्टीत आपल्या इमारतींतली मुलं घेऊन तिथे जाऊ या. आपल्याकडच्या निवृत्त फौजी मंडळींना सोबत यायची विनंती करू, कारण या लेखात न मावलेलं पुष्कळ त्यांना ठाऊक आहे. आणि मुलांना कुतची गोष्टही सांगू, कारण ती त्यांना शाळेच्या पुस्तकात सहजी भेटायची नाही.