टोलच्या पावतीत काय काय येतं?

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण सवड काढून वाचा. विषय आपल्या नगर रोडचा आहे.

पुणे ते शिरूर उन्नत मार्ग होणार, हे आता सगळ्यांना माहीत आहे. साधारण 53 किलोमीटर लांबी आणि मंजुरीच्या वेळचा खर्च 7,515 कोटी. काम राज्याच्या पायाभूत सुविधा महामंडळाकडे, म्हणजे एमएसआयडीसीकडे, आणि तेही बीओटीवर. म्हणजे टोल आलाच. वडगाव रासाईच्या पारावर, न्हावऱ्याच्या चहाच्या टपरीवर सगळीकडे एकच प्रश्न ऐकतोय: "टोल किती बसणार?"

मीही पत्रकार म्हणून इतकी वर्षं हाच प्रश्न विचारत आलो. आज जरा मागे जाऊन बघू, म्हणजे आपला दुसरा प्रश्न कसा राहून गेला ते कळेल.

टोल काही नवा नाही. आपल्याच जिल्ह्यात जुन्नरजवळ नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळातला तो व्यापारी रस्ता. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकायचे असं सांगतात. पण त्याच घाटात पाण्याची टाकी खोदलेली आहेत, थांबायला लेणं आहे. वाटसरूला पाणी आणि निवारा मिळायचा. माझ्या मते हिशेबाचा हा मूळ नमुना आहे: पैसे घेतले तर वाटेची काळजीही घ्यायची.

पुढे इंग्रज आले. 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. 1875 मध्ये मुंबई प्रांतात रस्ते आणि पुलांवरच्या टोलचा कायदा झाला. नाक्याची वसुली लिलावाने मक्त्याने देण्याची सोय त्यात होती. जो जास्त बोली लावेल त्याला नाका. वसुली एकाची आणि रस्ता दुसऱ्याचा, ही फारकत इतकी जुनी आहे.

1996 मध्ये राज्याने रस्ते विकास महामंडळ काढलं आणि 2002 पर्यंत पुणे-मुंबई एक्सप्रेस वे पूर्ण झाला. भातण, माडप, आडोशी, खंडाळा, कामशेत असे बोगदे. आपण सहकुटुंब बघायला गेलो होतो, आठवतंय का? 2004 मध्ये टोलवसुली 15 वर्षांसाठी 918 कोटींना एका कंपनीला दिली. मुदत संपल्यावर पुन्हा दिली, ती 8,262 कोटींना. हे आकडे आपल्याला तोंडपाठ आहेत. माहिती अधिकारातल्या कार्यकर्त्यांनी ते खणून काढले, आम्ही छापले. चांगलंच केलं. कोल्हापूरकर तर टोलविरोधात रस्त्यावर उतरले आणि जिंकले. जून 2015 पासून राज्यात 12 नाके बंद झाले, 53 नाक्यांवर लहान गाड्यांना माफी मिळाली.

पण बघा, सगळं भांडण पैशाचं होतं.

त्याच 2015 च्या पावसाळ्यात, जुलैमध्ये, आडोशी बोगद्याजवळ दरड थेट धावत्या गाड्यांवर आली. माणसं गेली. डोंगर कापला की तो पाणी पितो, सुटतो आणि कधीतरी खाली येतो, हे घाटातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला माहीत असतं. सैल दगड काढणं, जाळ्या ठोकणं असं मोठं काम त्या मोसमात जोरात सुरू झालं. टोल मात्र दरड पडायच्या आधी कितीतरी वर्षं सुरू होता.

2016 साली त्या रस्त्यावर अपघातात 151 जण गेले. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी 'शून्य मृत्यू' मोहीम घेतली. एकेका अपघाताची जागा जाऊन पाहिली. कठडा कुठे तुटलाय, फलक कुठे नाही, बंद ट्रक कुठे उभे राहतात, अँब्युलन्सला किती वेळ लागतो, हे तपासलं आणि दुरुस्त करत गेले. 2019 मध्ये मृत्यू 92 वर आले. रस्ता तोच, ड्रायव्हरही आपलेच. कुणीतरी मोजायला बसलं, एवढाच फरक.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. फ्रान्स आणि इटलीच्या मध्ये माँ ब्लां नावाचा टोलचा बोगदा आहे. मार्च 1999 मध्ये त्यात एका ट्रकला आग लागली. माल होता मैदा आणि मार्गारीन. 39 माणसं गेली. बोगदा एक, पण चालवणाऱ्या कंपन्या दोन, नियंत्रण कक्षही दोन. तीन वर्षं बोगदा बंद राहिला. 2005 मध्ये फ्रान्सच्या न्यायालयाने ज्यांना दोषी धरलं, त्यात बोगद्याच्या सुरक्षेचा प्रमुखही होता. लांब बोगद्यांसाठी युरोपने 2004 मध्ये नियम केले. तेही 39 जण गेल्यावरच.

आता आपल्या दारात या. वाघोली ते शिरूर रस्ता बीओटीवरच चौपदरी झाला होता. पेरण्याचा नाका आठवतो ना? भीमेपलीकडे सोलापूर रोडला कवडीपाट आणि कासुर्डीचे नाके होते. ते बंद झाले तेव्हा आम्ही बातमी दिली, पेढे वाटल्याचे फोटो टाकले. त्या वर्षांत किती माणसं गेली, किती झाडं तोडली आणि किती लावून जगवली, हा हिशेब आम्ही कधी मागितला नाही. गळिताच्या हंगामात एका रात्री माझ्या ओळखीचा एक पोरगा उसाच्या बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला लाल कापडसुद्धा नव्हतं. मी सहा ओळींची बातमी दिली. 'चालकाचा ताबा सुटला' असं लिहिलं. त्या टप्प्यावर गस्तीची गाडी का नव्हती, हे मी विचारलं नाही. ते सहा ओळींचं ओझं अजून आहे.

म्हणून या वेळी टोल किती याच्या जोडीला हेही विचारू. वर्षाला किती अपघात, किती मृत्यू हा आकडा नाक्यावर दराच्या पाटीशेजारी लागणार का? मृत्यू कमी झाले नाहीत तर कंपनीला दंड आहे का? पुलावर बंद पडलेली गाडी किती मिनिटांत हलवणार? पावसाचं पाणी खालच्या दुकानांत आणि शेतांत सोडणार की गटारात? मुरूम कुठल्या गायरानातून, कुठल्या टेकडीतून येणार? तोडलेल्या झाडांच्या बदल्यातली झाडं तीन उन्हाळ्यांनंतर कोण मोजणार?

हे प्रश्न ग्रामसभेत ठराव करून पाठवता येतात. करार माहिती अधिकारात मागता येतो. मी अर्ज करतोय, उत्तर आलं की इथेच टाकीन. तुमच्या गावाचा ठराव झाला तर मला कळवा.

नाक्याचा खांब उभा राहिल्यावर भांडण्यात अर्थ नाही. तोपर्यंत पावतीवर फक्त रुपये छापून झालेले असतात.