हरिहरेश्वरची बोट आणि सोपाऱ्याचा वारा

मागच्या वेळी आपण सोपारा बंदरापाशी थांबलो होतो. आज विरारहून जरा दक्षिणेला, रायगड जिल्ह्यात जाऊ.

१८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीचा आदला दिवस. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला १६ मीटर लांबीची एक बोट लागली. माणूस एकही नाही, आत मात्र तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे! लगेच नाकाबंदी झाली. याच जिल्ह्यात शेखाडीला १९९३ साली आरडीएक्स उतरलं होतं. २००८चे हल्लेखोरही समुद्रातूनच आले. तेव्हा लोक घाबरले याला आम्ही भित्रेपणा म्हणणार नाही.

आमचे नैयायिक भ्रमाचा दाखला किनाऱ्यावरचाच देतात: शिंपला पाहून चांदी वाटणं. चांदी पूर्वी कुठंतरी पाहिलेली असते, ती आठवण समोरच्या वस्तूवर बसते. इथंही तसंच झालं. बंदुका खऱ्याच होत्या. त्यांचा अर्थ तेवढा आठवणीतून आला.

त्याच दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत खुलासा केला. बोटीचं नाव ‘लेडी हान’, मालकी एका ऑस्ट्रेलियन महिलेची. मस्कतहून युरोपला जाताना २६ जूनला इंजिन बंद पडलं. खलाशांची सुटका झाली, पण खवळलेल्या समुद्रामुळे बोट ओढून नेता आली नाही. ती साडेसात आठवडे वाहत इकडे आली.

आता २०११ आठवा. ‘पवित’ नावाचं तेलवाहू जहाज ओमानजवळ खलाशांनी सोडलं आणि महिनाभरानं, ३१ जुलैला, ते जुहूच्या वाळूत रुतलं. तेच पाणी, तोच मोसम. नैर्ऋत्य मोसमी वारा अरबी समुद्राचं पाणी पूर्वेकडे रेटतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सोपाऱ्याचा उल्लेख येतो. त्या काळचे व्यापारीही याच वाऱ्यावर भरवसा ठेवून आपल्याकडे येत.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की किनाऱ्याला लागलेली वस्तू ओळखायची तर आत काय आहे एवढंच पाहून भागत नाही. ती कुठून आणि कोणत्या वाऱ्यानं आली हेही विचारावं लागतं. मात्र यावरून पहारा ढिला करा, असं कुणी समजू नये. ‘पवित’ एवढं मोठं जहाज, तेही जुहूला येईपर्यंत कुणाच्या नजरेस पडलं नव्हतं. वारा निरपराध असला, तरी त्याची वाट सर्वांनाच मोकळी आहे.