मनगटातील अरुंद वाट : कार्पल टनेल सिंड्रोमचा इतिहास

१/ १८८० साली बोस्टनमधील मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स जॅक्सन पटनम यांनी ३७ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. तक्रार जवळपास एकच : मध्यरात्री वा पहाटे हात बधिर होऊन जाग येते, बोटांना मुंग्या येतात, हात पलंगाबाहेर लोंबता सोडला, झटकला वा चोळला की काही क्षणांत आराम पडतो. आजच्या डॉक्टरांना एवढ्या वर्णनावरूनच विकाराची दाट शंका येईल. तेव्हा मात्र हे कोडे सुटायला ७० हून अधिक वर्षे जावी लागली. ती का लागली, याचा हा थ्रेड.

२/ प्रथम मनगटाची रचना. तळव्याकडील बाजूस येथे एक अरुंद बोगदा असतो. तळाशी व दोन्ही कडांना मनगटाची लहान हाडे, वर छतासारखा पसरलेला जाड अस्थिबंध. या बोगद्यातून बोटे मिटवणाऱ्या ९ कंडरा आणि त्यांच्या सोबतीने ‘मीडियन’ नावाचा मज्जातंतू तळहातात उतरतो. कंडरांभोवतीचे आवरण सुजले की जागा अपुरी पडते. हाडे सरकत नाहीत, अस्थिबंध सैल पडत नाही. सारा भार मऊ मज्जातंतूवर येतो.

३/ या मज्जातंतूकडे दोन कामे असतात. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना तो वाहून नेतो. शिवाय अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यातील स्नायू चालवतो. म्हणून दाबाचे परिणामही दोन : आरंभी मुंग्या व बधिरता, आणि दुर्लक्ष झाल्यास पुढे त्या उंचवट्याची झीज. करंगळी सहसा अलिप्त राहते. ही दोन लक्षणे एकाच आजाराची दोन टोके आहेत, हे वैद्यकाच्या फार उशिरा ध्यानात आले.

४/ कामामुळे हात निकामी होतात, ही जाणीव जुनी आहे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिकांचीही दखल घेतली. लिहून लिहून उजवा हात गमावलेला एक लेखनिक डाव्या हाताने लिहू लागला, आणि काही काळाने तोही हात त्याच वाटेने गेला. हा विकार कार्पल टनेलचाच होता असे म्हणता येत नाही. परंतु ‘तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न रुग्णाला विचारण्याची प्रथा रामाझ्झिनींनी रुजवली. हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

५/ मनगटातील दाबाचे पहिले स्पष्ट वर्णन इंग्लिश शल्यविशारद जेम्स पॅजेट यांच्या १८५४ च्या सुमाराच्या व्याख्यानसंग्रहात सापडते. एका माणसाचे मनगटाजवळचे हाड मोडले, आणि ते सांधताना वाढलेल्या हाडाचा मीडियन मज्जातंतूवर दाब पडू लागला. अंगठा, तर्जनी व मध्यमा यांवर जखमा झाल्या. त्या कशानेही भरेनात. तळव्याकडील भाग सैल राहील अशा रीतीने मनगट बांधताच त्या भरल्या. हात पुन्हा कामाला लागला आणि जखमा परतल्या. कारण व उपाय दोन्ही येथे एकत्र नोंदलेले आहेत. पण ती अस्थिभंगातून उद्भवलेली एक विरळा घटना मानली गेली.

६/ अस्थिभंग झालेला नसताना रात्री हात बधिर होणाऱ्या स्त्रियांचे काय? पटनम यांना हा रक्तवाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणाचा दोष वाटला. १८९३ मध्ये जर्मन वैद्य फ्रीडरिश शुल्ट्झे यांनी त्याला ‘अ‍ॅक्रोपॅरेस्थेशिया’, म्हणजे अवयवांच्या टोकांना येणाऱ्या मुंग्या, असे नाव दिले. नाव मिळाले, पण ते लक्षणाचे होते. कारण अंधारातच राहिले.

७/ दुसरीकडे, अंगठ्याखालचे स्नायू झिजलेले रुग्ण वेगळ्याच वर्गात मोडले जात होते. अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स रॅमसे हंट यांनी १९०९ पासून अशा रुग्णांवर लिहिले आणि विकाराचा संबंध हातांच्या कामाशी जोडला. मात्र स्नायूंकडे जाणारी फक्त एक शाखा दाबली जाते, संवेदनेशी तिचा संबंध नाही, असे त्यांचे मत होते. अशा प्रकारे एक आजार दोन कप्प्यांत विभागला गेला : मुंग्या एका कप्प्यात, झीज दुसऱ्यात.

८/ १९१३ मध्ये पॅरिसच्या पियेर मारी व शार्ल फ्वा यांनी एका ८० वर्षांच्या स्त्रीचे शवविच्छेदन केले. तिच्या दोन्ही अंगठ्यांखालचे स्नायू झिजलेले होते. मनगटाच्या अस्थिबंधाच्या अलीकडे मज्जातंतू गाठीसारखा फुगलेला आणि अस्थिबंधाखाली चिंबलेला आढळला. निदान वेळीच झाले तर अस्थिबंध छेदून पुढील हानी थांबवता येईल, असे त्यांनी सुचवले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. ही सूचना दीर्घकाळ उपेक्षित राहिली.

९/ दरम्यान वैद्यकाची दृष्टी मानेकडे वळली होती. काहींच्या मानेत एक जादा बरगडी असते. तिच्यामुळे हाताकडे जाणारे मज्जातंतू दाबले जातात, हा सिद्धांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रबळ ठरला. मानेवर शस्त्रक्रिया होत, बरगड्या काढल्या जात, आणि ज्यांचा दोष मनगटात होता त्यांचे हात बधिरच राहत.

१०/ अस्थिबंध कापून मज्जातंतू मोकळा केल्याची नोंद जेम्स लर्मंथ यांनी १९३३ मध्ये केली. हेच लर्मंथ पुढे राजा सहावा जॉर्ज यांच्यावर शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद. १९४७ मध्ये रसेल ब्रेन, डिक्सन राइट व मार्सिया विल्किन्सन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये शस्त्रक्रिया केलेल्या ६ रुग्णांचा वृत्तांत दिला : दुखापत नसतानाही मज्जातंतू बोगद्यात दाबला जातो. अखेर १९५३ मध्ये मायकेल क्रेमर व सहकाऱ्यांनी रात्रीच्या त्या मुंग्यांचे मूळही याच बोगद्यात असल्याचे दाखवले. पटनम यांच्या रुग्णांना ७३ वर्षांनी उत्तर मिळाले.

११/ हा विकार सर्वपरिचित झाला तो क्लीव्हलँडच्या जॉर्ज फॅलन यांच्यामुळे. मनगटे सुमारे एक मिनिट आतील बाजूस वाकवून धरावीत. मुंग्या आल्या तर संशय बळावतो. या चाचणीस कोणतेही उपकरण लागत नाही. १९५६ मध्ये एडिंबरोच्या जॉन सिम्पसन यांनी विद्युत् तपासणीने मनगटाशी संदेशवहन मंदावल्याचे सिद्ध केले. १९६६ मध्ये फॅलन यांनी १७ वर्षांत पाहिलेल्या ६५४ हातांचा अनुभव प्रसिद्ध केला.

१२/ पण येथेच रामाझ्झिनींचा प्रश्न निसटला. फॅलन यांचे बहुसंख्य रुग्ण मध्यमवयीन स्त्रिया होत्या. त्या कष्टाची कामे करत नाहीत, सबब हा व्यवसायजन्य विकार नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद. कपडे पिळणे, घासणे, शिवणे, विणणे हे कष्टांत धरलेच गेले नाही. अ‍ॅलर्ड डेम्बे यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. संप्रेरके, गर्भारपण, मधुमेह, थायरॉइड, संधिवात हीही कारणे खरी आहेत. मात्र त्यांच्या आड घरकाम अदृश्य झाले.

१३/ १९८० च्या दशकात कारखाने, मांसप्रक्रिया उद्योग व संगणकासमोरील कर्मचारी यांच्या तक्रारींनी वाद पुन्हा पेटला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेने उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला : जोर व पुनरावृत्ती एकत्र आल्यास पुरावा भक्कम आहे. कीबोर्डबाबतचा पुरावा तुलनेने कमजोर आहे. नोव्हेंबर २००० मध्ये तेथे कामाच्या जागेविषयी नियम जाहीर झाले. मार्च २००१ मध्ये काँग्रेसने ते रद्द केले. आजार कामातून झाला असे मान्य केले की खर्च कोणाचा, हाही प्रश्न उभा राहतो.

१४/ आजचे उपचार या इतिहासातूनच घडले आहेत. सौम्य अवस्थेत रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी. हे पॅजेट यांच्या बांधणीचे सुधारित रूप. गरजेनुसार स्टेरॉइडचे इंजेक्शन. त्याने भागले नाही वा स्नायू झिजू लागले, तर मारी व फ्वा यांनी सुचवलेली शस्त्रक्रिया. १९८० च्या दशकाअखेरीपासून ती दुर्बिणीद्वारेही होते. झीज फार पुढे गेली तर गेलेली ताकद शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण परतेलच असे नाही. म्हणून बधिरता सतत राहू लागली, हातातून वस्तू निसटू लागल्या, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

१५/ हात झटकल्याने बरे वाटते, हे त्या स्त्रियांनी १८८० मध्येच सांगितले होते. फॅलन यांच्या चाचणीत मनगटाच्या स्थितीला जे महत्त्व आहे, त्याची खूण त्या वाक्यात होती. पटनम यांनी ते निष्ठेने लिहून ठेवले, म्हणून आज वाचता येते. पुढच्या पिढ्यांनी मानेत शोध घेतला; उत्तर मनगटात होते.