बाकड्यावरची बँक

गटाची बैठक संपली की आपण म्हणतो, "उद्या बँकेत भरणा करायचाय." बँक हा इंग्रजी शब्द आता आपल्या घरचाच झालाय. पण एवढासा हा शब्द आला कुठून आणि त्याचे अर्थ तरी किती, ते आज पाहू या.

शेकडो वर्षांपूर्वी इटलीतले सराफ बाजारात बाकडे मांडून नाणी बदलून देत. त्यांच्या भाषेत बाकड्याला म्हणतात 'बांका'. त्यावरूनच बँक हे नाव पडले. आपल्या शाळेतला 'बाक'ही पोर्तुगीज 'बांको'वरून आला, असे सांगतात. म्हणजे बाक आणि बँक एकाच घरातले! इंग्रजीत नदीच्या काठालाही बँकच म्हणतात. तो शब्दही याच कुळातला.

इटलीत सराफ बुडाला की त्याला 'मोडलेले बाकडे' अशा अर्थाचा शब्द लावीत. त्यावरून इंग्रजीत 'बँकरप्ट' आला. आपण दिवाळे निघाले म्हणतो, तेच ते.

पुढे पैशाशिवाय दुसऱ्या ठेवींनाही हे नाव मिळाले. १९३७ साली अमेरिकेत, शिकागोच्या एका रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठवायची सोय केली आणि तिला 'ब्लड बँक' म्हटले. तीच आपली रक्तपेढी. आता बियाण्यांचीही बँक असते.

इंग्रजीत 'एखाद्यावर बँक करणे' म्हणजे त्याच्यावर भिस्त ठेवणे. आम्हाला हा अर्थ सगळ्यांत मोलाचा वाटतो. कारण बाकडे असो की इमारत, बँक उभी राहते ती विश्वासावर. गरीब बायांवर असा विश्वास टाकायला फारसे कोणी तयार नव्हते. तेव्हा १९७४ साली अहमदाबादेत भाजी विकणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या ४,००० बायांनी दहा-दहा रुपये घालून सेवा बँक काढली. सही येत नव्हती, म्हणून पासबुकावर फोटो लावून ओळख पटवली. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या बायांचा बँकेसाठीचा अर्ज निरक्षर म्हणून नाकारला गेला. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायला तयार झाल्या. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली.

तेव्हा मैत्रिणींनो, खाते आपल्या नावावर आहे ना? मग पासबुकही आपल्याच हातात असू द्या. गटात कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला, ते दर बैठकीला सगळ्यांसमोर वाचून दाखवा. आपले बाकडे मोडू द्यायचे नाही.