वक्र कडांचा पडदा

वक्र कडांचा पडदा हा स्मार्टफोनच्या दर्शनी पडद्याचा एक प्रकार आहे. यात पडद्याच्या डाव्या व उजव्या कडा, आणि काही फोनांत चारही कडा, मागच्या बाजूस वळवलेल्या असतात. त्यामुळे समोरून पाहताना पडद्याभोवतीची चौकट जवळजवळ दिसत नाही. बाजारात त्यास ‘कर्व्ह्ड डिस्प्ले’, तर वळण फार खोल असल्यास ‘वॉटरफॉल डिस्प्ले’ म्हणतात. काठोकाठ पडदा आणि वक्र पडदा या संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात, परंतु त्या भिन्न आहेत. शाओमी कंपनीचा २०१६ मधील मी मिक्स हा फोन सपाट असूनही तीन बाजूंनी जवळपास काठोकाठ होता. मधोमध दुमडणारे घडीचे फोन हाही वेगळा प्रकार होय.

सुमारे २०१४ ते २०२३ या काळात वक्र कडा ही महागड्या अँड्रॉइड फोनांची ओळख मानली जात असे. पुढे काही प्रमुख कंपन्यांनी आपल्या सर्वांत महाग फोनांतून ती काढून टाकली आणि त्याच सुमारास भारतात ती मध्यम किमतीच्या फोनांत आली. नाजूक व दुरुस्तीस महाग असा हा भाग त्यामुळे अशा ग्राहकांपर्यंत पोहोचला, ज्यांना तो बदलण्याचा खर्च अधिक जड जातो. महाराष्ट्रात दूरचित्रवाणीच्या पडद्यांचा उद्योग छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहराशी निगडित आहे. वक्र काचेच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा तेथूनच जातो.

पूर्वपीठिका: पिक्चर ट्यूबचा फुगवटा

पडद्याची वक्रता स्मार्टफोनने आणलेली नाही. दूरचित्रवाणी संचातील पिक्चर ट्यूबची काच पुढच्या बाजूस फुगीर असे, आणि तो फुगवटा सक्तीचा होता. नळीच्या आत निर्वात पोकळी असल्याने बाहेरच्या हवेचा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो इतका दाब काचेवर पडतो. २० इंच कर्णाच्या पडद्यावर हा एकूण भार सव्वा टनाच्या आसपास जातो. कमानीप्रमाणे फुगीर काच तो सहज पेलते. सपाट काच त्यासाठी बरीच जाड करावी लागते. म्हणूनच १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सपाट पिक्चर ट्यूबचे संच आले, तेव्हा ‘फ्लॅट’ हा शब्द जाहिरातींत मिरवला गेला. सपाट पडदा ही तेव्हा प्रतिष्ठेची गोष्ट होती.

या काळात भारतीय घरांत पोहोचलेल्या रंगीत संचांपैकी पुष्कळ व्हिडिओकॉन कंपनीचे होते. धूत कुटुंबाने १९८० च्या दशकात उभारलेल्या या समूहाचे प्रमुख उत्पादन केंद्र औरंगाबाद–पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे होते व व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचे नोंदणीकृत कार्यालयही तेथेच होते. ट्यूबसाठी लागणारे काचेचे कवच समूहाच्या गुजरातमधील भरूच येथील कारखान्यात तयार होई. २००५ मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूब व्यवसाय विकत घेतला. त्यात इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधील कारखाने होते. या खरेदीने मराठवाड्यातील कंपनी जगातील मोठ्या पिक्चर ट्यूब उत्पादकांच्या पंक्तीत जाऊन बसली.

वेळ मात्र चुकली होती. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांतच सपाट एलसीडी संचांनी जगभर पिक्चर ट्यूबला मागे टाकले. इटलीतील अनान्यी येथील कारखाना पुढे बंद पडला. व्हिडिओकॉनने मोबाइल फोनच्या बाजारातही उडी घेतली होती, परंतु त्या व्यवसायाला स्थैर्य लाभले नाही. २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. तिच्या अधोगतीची दूरसंचार व तेल क्षेत्रांतील गुंतवणूक आणि कर्जाचा बोजा अशी इतरही मोठी कारणे आहेत. तरीही वक्र काचेचे कारखाने विकत घेणे आणि लगेच सपाट पडद्याचे युग येणे, हा योग पडद्यांच्या उद्योगातील जोखीम समजून घेण्यास पुरेसा आहे.

रचना व निर्मिती

वक्र कडा केवळ ओएलईडी पडद्यातच व्यवहार्य ठरली. एलसीडीत द्रव स्फटिकांचा थर दोन काचांमध्ये अत्यंत समान अंतरावर धरून ठेवावा लागतो आणि मागे प्रकाश देणारी वेगळी पट्टिका असते. असा पडदा कडेला तीव्र वळवला, तर ते अंतर बिघडून प्रतिमेवर डाग दिसू लागतात. ओएलईडीतील प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देत असल्याने मागच्या पट्टिकेची गरज उरत नाही.

काचेऐवजी पॉलिइमाइड या उष्णतारोधक प्लॅस्टिकचा पातळ थर हा अशा पडद्याचा आधार असतो. हे प्लॅस्टिक द्रवरूपात एका काचेवर पसरून कडक केले जाते. त्यावर ट्रान्झिस्टरांचे जाळे व प्रकाश देणारे सेंद्रिय थर चढवतात, ओलावा व प्राणवायू आत जाऊ नये म्हणून पातळ संरक्षक थरांनी ते बंद करतात आणि शेवटी लेसरच्या साहाय्याने खालची काच अलग करतात. उरलेला लवचीक पापुद्रा हवा तसा वळवता येतो. ॲपलच्या २०१७ मधील आयफोन एक्समध्येही असाच लवचीक पडदा होता. त्याचा दिसणारा भाग सपाट ठेवून केवळ खालची कड फोनच्या आत दुमडली होती, म्हणजे लवचीकतेचा उपयोग चौकट बारीक करण्यासाठी केला होता.

वरची संरक्षक काच मात्र खरोखरच काच असते. ती साच्यात ठेवून मऊ होईपर्यंत तापवतात व दाबून वळवतात. नंतर तिला वितळलेल्या पोटॅशियम क्षाराच्या सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानाच्या कुंडात बुडवले जाते. काचेतील लहान सोडियम आयनांची जागा मोठे पोटॅशियम आयन घेतात, पृष्ठभाग दाबाखाली येतो आणि काच कणखर होते. सपाट काच कापून घासण्यापेक्षा ही प्रक्रिया संथ आहे. वळणाचा कोन किंचित चुकला, तरी पडदा व काच एकमेकांवर नीट चिकटत नाहीत. वक्र पडद्याच्या वाढीव किमतीचे हे एक मोठे कारण आहे.

प्रसार

ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी राउंड व एलजीचा जी फ्लेक्स हे फोन जाहीर झाले. पहिला आडव्या, तर दुसरा उभ्या दिशेने संपूर्णच वाकलेला होता. केवळ कड वळवण्याची कल्पना सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या गॅलेक्सी नोट एज या फोनने रूढ केली. त्याची फक्त उजवी कड वळलेली असून तेथे संदेश व साधनांची स्वतंत्र पट्टी दिसे. डावखुऱ्या व्यक्तीला ही मांडणी गैरसोयीची होती. मार्च २०१५ मध्ये आलेल्या गॅलेक्सी एस ६ एजमध्ये दोन्ही कडा वळल्या. २०१७ च्या गॅलेक्सी एस ८ पासून त्या मालिकेत सपाट पडद्याचा पर्यायच काही वर्षे उरला नाही.

२०१९ हे या शैलीचे टोक होय. हुआवेचा मेट ३० प्रो आणि विवोचा नेक्स ३ यांचे पडदे जवळजवळ काटकोनात खाली उतरत होते. मेट ३० प्रोमध्ये आवाजाची बटणे ठेवायला जागाच उरली नाही व ती पडद्यावर स्पर्शाने चालवावी लागत. त्याच वर्षी शाओमीने पडदा फोनभोवती गुंडाळलेला मी मिक्स अल्फा १९,९९९ युआन किमतीस दाखवला, परंतु त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले नाही.

लाभ

वक्र कडेचा सर्वांत ठोस लाभ पकडीतील रुंदीचा आहे. सॅमसंगचा गॅलेक्सी एस ७ एज व ॲपलचा आयफोन ६ एस प्लस या दोन्ही फोनांचे पडदे ५.५ इंचांचे आणि एकाच प्रमाणाचे होते. पहिल्याची रुंदी ७२.६ मिलिमीटर, तर दुसऱ्याची ७७.९ मिलिमीटर होती. हातात फोन धरणाऱ्याला पाच मिलिमीटरांचा फरक सहज जाणवतो. मात्र त्याचे सारे श्रेय वळणाला देता येत नाही, कारण चौकट बारीक झाल्यानेही रुंदी घटते, आणि तेवढे काम सपाट पडद्यातही पुढे साध्य झाले.

कडेवरून बोट आत सरकवण्याची क्रिया वळणामुळे मऊ वाटते. फोन पातळ भासतो. प्रतिमा काठावरून ओसंडत असल्याचा आभास ही तर या शैलीची खरी विक्रीशक्ती होती. कडेवरील विशेष पट्ट्यांचा गाजावाजा झाला, तरी त्यातील बहुतेक सोयी सपाट पडद्यावरही देता येतात.

दोष

तळहाताचा कड दाबला जाऊन नको तेथे स्पर्श नोंदला जाणे ही सर्वपरिचित तक्रार आहे. कंपन्यांनी संगणकीय युक्त्यांनी ती कमी केली, पण त्यामुळे काही वेळा कडेवरचा हेतुपूर्वक स्पर्शही नाकारला जातो. कडेकडे डोळ्यांचा कोन बदलत असल्याने तेथील रंग निळसर किंवा फिके दिसतात. वळलेली काच निरनिराळ्या दिशांचा प्रकाश परावर्तित करते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर फोन पाहणाऱ्यास दोन्ही बाजूंना चकाकत्या रेघा दिसतात. पडद्याचा कर्ण सपाट धरून मोजला जात असल्यामुळे समोरून दिसणारे क्षेत्र जाहिरातीतील आकड्यापेक्षा थोडे कमी भरते.

सपाट फोन कडेवर पडला, तर धातूची चौकट आघात झेलते. वक्र फोनमध्ये चौकट बारीक होऊन काचच बाजूपर्यंत उतरलेली असते व आघात थेट तिच्यावर येतो. संरक्षक आवरणालाही कडेवर पकड मिळत नाही. साधी टेम्पर्ड ग्लास वळणावर बसत नसल्याने पातळ गोंदाने चिकटणारी व अतिनील दिव्याखाली घट्ट होणारी काच लावली जाते. हा गोंद जास्त झाल्यास तो बटणे किंवा स्पीकरच्या जाळीत शिरतो. काचेखाली हवेची पोकळी राहिली, तर ध्वनिलहरींवर चालणारा बोटांच्या ठशांचा वाचक काम करत नाही.

पडद्यावर उमटणारी उभी हिरवी रेघ अनेकदा वक्रतेच्या माथी मारली जाते. तो दोष सपाट ओएलईडी पडद्यांतही आढळतो, त्यामुळे केवळ वळणामुळे तो होतो असे म्हणता येत नाही.

दुरुस्ती

भारतातील दुरुस्ती बाजारात पडदा, स्पर्शपटल व वरची काच यांच्या एकत्रित संचास ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटचा परिसर मोबाइल विक्री व दुरुस्तीच्या दुकानांसाठी ओळखला जातो. सपाट फोनची केवळ वरची काच फुटली असेल, तर कुशल कारागीर तापलेल्या पट्टीवर फोन ठेवून बारीक तारेने काच सोडवतो, जुना गोंद पुसतो आणि नवी काच चिकटवतो. खालचा पडदा वाचतो व खर्चही आटोक्यात राहतो.

वक्र पडद्यात हे काम अवघड होते. तार सरळ रेषेत फिरते, पण गोंदाचा थर वळणावर खाली उतरतो. पॉलिइमाइडचा पापुद्रा इतका पातळ असतो की तारेचा किंवा उष्णतेचा अतिरेक झाल्यास पडदाच जातो. नवी काच बसवताना वळणाशी तंतोतंत जुळणारा साचा व हवेचे बुडबुडे काढणारे यंत्र लागते. म्हणून बहुधा संपूर्ण कॉम्बो, पुष्कळदा चौकटीसह, बदलण्याचा सल्ला दिला जातो. दोन-तीन वर्षे जुन्या फोनच्या बाबतीत हा खर्च फोनच्या पुनर्विक्रीच्या किमतीजवळ जातो. मग ग्राहकापुढे स्वस्त दर्जाचा पर्यायी पडदा, फुटक्या काचेसह वापर किंवा नवा फोन एवढेच मार्ग राहतात. पर्यायी पडदे काही वेळा सपाट असतात. ते वक्र चौकटीत बसवल्यावर कडेला फट राहते.

भारतातील निर्मिती

भारतात फोनांची जुळणी मोठ्या प्रमाणावर होते, परंतु ओएलईडी पडदे प्रामुख्याने चीन व दक्षिण कोरियातून येतात. लावा या भारतीय कंपनीने मे २०२३ मध्ये अग्नी २ आणि मार्च २०२४ मध्ये ब्लेझ कर्व्ह हे वक्र पडद्याचे फोन आणले. दुसऱ्याची किंमत १८,००० रुपयांच्या आत होती.

पडद्याचा कारखाना महाराष्ट्रात उभारण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१५ मध्ये वेदान्त समूहाशी संबंधित ट्विनस्टार डिस्प्ले टेक्नॉलॉजीजने एलसीडी कारखान्यासाठी राज्य शासनाशी करार केला. नागपूरजवळील बुटीबोरी हे ठिकाण पुढे आले, पण तो कारखाना उभा राहिला नाही. याच समूहातील ट्विनस्टार टेक्नॉलॉजीजने दिवाळखोर व्हिडिओकॉनसाठी दिलेला सुमारे २,९६२ कोटी रुपयांचा प्रस्ताव जून २०२१ मध्ये मंजूर झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये अपिलात रद्द झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त व फॉक्सकॉन यांनी चिप व पडदा प्रकल्पासाठी गुजरातची निवड केली. तळेगावचा पर्याय मागे पडल्याने महाराष्ट्रात त्यावरून राजकीय वाद झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली होती. तीत पडदा-कारखान्यांना साहाय्याची तरतूद असूनही २०२४ अखेर असा एकही प्रस्ताव मंजूर झाला नव्हता.

काच हाताळण्याचे उच्च तंत्र संभाजीनगरला अपरिचित नाही. वाळूज व शेंद्रा येथे एसटीएल कंपनीचे प्रकाशीय तंतूंचे कारखाने आहेत व शेंद्र्यात तंतू ओढण्यासाठी लागणारे शुद्ध काचेचे दंड तयार होतात. मात्र दंडापासून तंतू ओढणे आणि वळवलेल्या पातळ तावावर पडदा चढवणे ही सर्वस्वी वेगळी कौशल्ये आहेत.

सद्यस्थिती

ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलच्या पिक्सेल ८ प्रोचा आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २४ अल्ट्राचा पडदा सपाट झाला. काही चिनी कंपन्यांनी चारही बाजूंना अगदी सौम्य वळण देणारा मध्यममार्ग स्वीकारला आहे. त्यात स्पर्शाचा मऊपणा राहतो व काचेवर कडेला येणारा ताण घटतो.

दुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्न आता धोरणाच्या पातळीवर आला आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनांचे पडद्यासह महत्त्वाचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली व डिसेंबर २०२२ मध्ये त्याविषयीचे संकेतस्थळ सुरू केले. फोन किती सहज दुरुस्त होतो याचा निर्देशांक ठरवणाऱ्या दुसऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल सादर केला. त्यात प्राधान्याने विचारात घ्यावयाच्या भागांत बॅटरीबरोबर पडद्याचाही समावेश असून, तो सुटा करण्यास किती टप्पे लागतात हा गुणांकनाचा एक निकष आहे.