इंजिनिअर्ड क्लासरूम

विशेष शिक्षणाच्या वर्गात कामाची वेगवेगळी केंद्रे मांडायची आणि तिथल्या प्रयत्नांची नोंद करून मुलाला बक्षीस द्यायचे, ही अमेरिकेत १९६०च्या दशकात आकाराला आलेली अध्यापनपद्धती. तिचे जनक फ्रँक हेवेट हे लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील विशेष शिक्षणतज्ज्ञ. १९६६ मध्ये सांता मोनिका शहरातील सहा वर्गांत या पद्धतीची वर्षभर चाचणी झाली. त्या वर्गांतली ५४ मुले बुद्धीने सर्वसाधारण होती; पण भावनिक अडचणींमुळे नेहमीच्या वर्गात ती टिकत नव्हती.

खोलीचे तीन भाग असत. मधल्या मोठ्या भागात वाचन, लेखन, गणित. दुसऱ्या भागात विज्ञानाचे छोटे प्रयोग, चित्रकला आणि संवादाचे खेळ. तिसरे सुव्यवस्थेचे केंद्र. तिथे जोड्या लावणे, ठोकळ्यांचे नमुने जुळवणे अशी सुरुवात आणि शेवट स्पष्ट दिसणारी कामे ठेवलेली असत.

सकाळी वर्गात येताच मुलाच्या हाती स्वतःचे कार्ड पडे. दर १५ मिनिटांनी शिक्षिका किंवा मदतनीस त्यावर जास्तीत जास्त १० खुणा करत : काम सुरू केल्याबद्दल २, ते पुढे नेल्याबद्दल ३ आणि विद्यार्थी म्हणून नीट वागल्याबद्दल ५. भरलेल्या कार्डांवर खाऊ किंवा छोटी खेळणी मिळत. उत्तर बरोबर आले की नाही, यापेक्षा मूल कामाला लागले का, याला इथे मोल होते. वारंवार अपयश पाहिलेल्या मुलासाठी ही वाटणी फार न्याय्य आहे.

पद्धतीचा खरा कणा मात्र खाऊत नाही, केंद्रांच्या मांडणीत आहे. गणित जमेना, मूल चुळबुळ करू लागले, की शिक्षिका रागावत नसे. आधी तेच काम सोपे करून देई. तरीही जमले नाही, तर मुलाला प्रयोगांच्या किंवा सुव्यवस्थेच्या केंद्राकडे नेई. तिथल्या कामावरही खुणा मिळतच राहत. वर्गाबाहेर काढण्याची वेळ सगळे उपाय थकल्यावरच येई. मूल एक पायरी खाली उतरे, पण विद्यार्थीच राहत असे.

निरीक्षक स्टॉपवॉच घेऊन मुलांचे लक्ष किती वेळ कामावर टिकते ते मोजत. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या वर्गांत लक्ष वाढले आणि गणितही सुधारले. वाचन आणि शुद्धलेखनात मात्र ही पद्धत न वापरणाऱ्या तुलनेच्या वर्गांपेक्षा लक्षणीय फरक पडला नाही. ही मर्यादा दुर्लक्षून चालणार नाही, कारण अशा मुलांची मोठी अडचण बहुधा वाचनातच असते.

बक्षिसाने मुले लालची होतात, हा आक्षेप जुना आहे आणि तो निराधार नाही. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीत केलेल्या प्रयोगात, आधीपासून चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांना बक्षीस कबूल केले गेले, तेव्हा त्यांची पुढे चित्रांतली गोडी घटली. त्यामुळे जे मूल आपणहून रमले आहे, त्याच्यापुढे कार्ड धरू नये. सांता मोनिकातील मुलांची गोष्ट वेगळी होती. त्यांना कामाला हात लावण्याचीच भीती वाटत असे. या पद्धतीला सरावलेल्या काही वर्गांतून ती वर्षाच्या मध्यावर काढून घेतली, तेव्हा मुलांचे कामावरचे लक्ष घटले नाही, उलट आणखी वाढले.