नळी की नट?

इंजिन ऑईल गाडीच्या पोटाखालचा नट सोडूनच काढावं; डिपस्टिकच्या वाटेनं पंपाची नळी घालून ओढलेलं ऑईल म्हणजे वरवरची मलमपट्टी. हे मत आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की ते कुणाला तपासावंसंही वाटत नाही. पुण्याच्या गॅरेजात ते ऐकू येतं, आणि नवग्रहांच्या देवळांची फेरी करवणाऱ्या कुंभकोणमच्या टुरिस्ट गाड्यांच्या दुनियेतही तेच चालतं. खड्ड्यावर गाडी उभी करायची, पान्यानं नट सोडायचा, खाली घमेलं धरायचं. मला हे मत मान्य नाही.

आधी पूर्वपक्ष. शास्त्रार्थाची परंपरा असलेला कांची कामकोटी मठ ज्या कुंभकोणमात दीर्घकाळ होता, तिथलं उदाहरण घ्यायचं तर विरोधकाचं म्हणणं अर्धं सांगून खोडता येणार नाही. मिस्त्री म्हणतो: नटाचं भोक ऑईलच्या चेंबरच्या तळाला आहे, म्हणून ऑईल आपल्या वजनानं पूर्ण निथळतं. गाळ तळाशी बसतो, तो धारेबरोबर वाहून जातो. नळी वरचं पातळ तेवढं ओढते. नट काढला की त्याला चिकटलेला लोखंडाचा कीस दिसतो, म्हणजे इंजिन आतून झिजतंय का ते कळतं. शिवाय माणूस गाडीखाली गेला की फाटलेलं रबरी बूट, गळणारं सील नजरेला पडतं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी मी बिनतक्रार मान्य करतो. वाद पहिल्या दोन गोष्टींवर आहे, आणि सगळं मत उभं आहे ते त्यांच्याच आधारावर.

‘पूर्ण निथळतं’ हे खरं नाही, आणि त्याचा पुरावा गाड्या बनवणाऱ्यांनीच छापून ठेवलेला आहे. वर्कशॉपच्या पुस्तकात ऑईलचे दोन आकडे असतात. एक कोरड्या, नव्यानं जोडलेल्या इंजिनाचा. दुसरा फिल्टरसकट ऑईल बदलताना भरायचा. दुसरा नेहमी पहिल्यापेक्षा लहान असतो. नट सोडून, फिल्टर काढून, धार थांबेपर्यंत वाट पाहिली तरी मधल्या फरकाइतकं जुनं ऑईल आतच असतं: हेडच्या खळग्यांत, वाहिन्यांत, कूलरमध्ये, टर्बोच्या नळ्यांत. तिथून ते ना भोकातून येत, ना नळीतून. तेलाची बरणी पालथी घातली तरी ती ओशट राहतेच. शिवाय बऱ्याच चेंबरांचं भोक तळाला नसतं, बाजूच्या भिंतीत असतं, आणि त्याच्या काठाखाली ऑईलचा एक थर साचून राहतो. खड्ड्यावर गाडी जरा उलट्या बाजूला कलती असली की तो थर आणखी जाड. अशा चेंबरच्या तळाला टेकलेली नळी उलट नटापेक्षा जास्त ऑईल काढू शकते.

आता गाळ. आजच्या ऑईलमध्ये मळ तरंगत ठेवणारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात. काजळीच्या कणांनी एकमेकांना चिकटून गोळे करू नयेत, खाली बसू नये, हेच त्यांचं काम. म्हणून तर डिझेल गाडीचं ऑईल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं दिसतं आणि मालक उगाच घाबरतो. ते काळं दिसतंय म्हणजे मळ ऑईलमध्ये तरंगतो आहे, म्हणजे ऑईल आपलं काम करतं आहे. असा तरंगता मळ ऑईलबरोबर बाहेर पडतो, मग वाट वरची असो की खालची. आणि ज्या इंजिनात बदल लांबवत नेल्यामुळे खरोखरच डांबरासारखा गाळ बसला आहे, तिथे तो नट सोडल्यावरही धारेबरोबर येत नाही. तो चेंबरच्या तळाला आणि टॅपेट कव्हरच्या आत चिकटून राहतो. चेंबर उतरवून खरवडावा लागतो. म्हणजे ज्या गाळाच्या भीतीनं नळी नाकारली जाते, तो एक तर ऑईलबरोबर निघतोच, किंवा दोन्ही वाटांनी निघत नाही.

तरीही पूर्वपक्षाला झुकतं माप देऊ. धरून चालू की नट सोडला तर जुन्या ऑईलचा विसावा हिस्सा आत राहतो आणि पंप लावला तर त्याच्या दुप्पट, म्हणजे दहावा हिस्सा. आता दर 10,000 किलोमीटरना एक माप मळ ऑईलमध्ये जमतो असं समजा. दर वेळी मागचा दहावा हिस्सा पुढे जातो, त्यातला दहावा हिस्सा आणखी पुढे. एक अधिक एक दशांश अधिक एक शतांश, अशी ती बेरीज. गणिती रामानुजन लहानाचे मोठे झाले त्या कुंभकोणमात अनंत श्रेणी मांडायला संकोच कसला? ही श्रेणी तर शाळकरी आहे, बेरीज 1.11 च्या फारशी पुढे कधीच जात नाही. विसाव्या हिश्श्याची बेरीज 1.05. कितीही वर्षं पंपानंच ऑईल बदललं तरी मळाचं प्रमाण नटाच्या मानानं साडेपाच टक्क्यांच्या आसपासच जास्त. तो फरक पुसायचा असेल तर ऑईल 10,000 ऐवजी साडेनऊ हजारांना बदला. सगळा वाद पाचशे किलोमीटरचा आहे. कुंभकोणमहून चेन्नईला जाऊन येण्याचं अंतरही त्याहून जास्त भरतं.

खरी गफलत दुसरीकडे होते. कुंभकोणमची टुरिस्ट गाडी एका दिवसात काय करते ते पाहा. आलंगुडी, तिंगळूर, सूर्यनार कोविल, तिथून हाकेच्या अंतरावरचं कंजनूर. तिरुनागेश्वरमला राहुकाळातला दुग्धाभिषेक होईपर्यंत यात्रेकरू आत, आणि गाडी बाहेर उन्हात, इंजिन चालू, एसी चालू. मग वैदीश्वरन कोविल, तिरुवेंकाडु, कीळपेरुंपळ्ळम, आणि शेवटी कारैकालजवळचं तिरुनळ्ळार. गाडी जितकी धावते जवळजवळ तितकीच जागच्या जागी धडधडते. ते तास ऑईलच्या खात्यात जमा होतात, किलोमीटरच्या काट्यावर मात्र उमटत नाहीत. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की धूळ, लहान लहान फेऱ्या आणि उभ्या गाडीत चालू इंजिन असेल तर ऑईल लवकर बदला. ते पान किती मालक उघडतात? काट्यावर 10,000 होण्याची वाट पाहायची आणि मग नट की नळी यावर भांडायचं, हा शहाणपणा मला कळत नाही.

पंपाच्या बाजूनं बोलायचं तर पहिला मुद्दा आट्यांचा. हल्ली चेंबर बरेचदा ॲल्युमिनियमचा, नट पोलादी. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो आवळायचं माप 35 न्यूटन-मीटरच्या आसपास असतं. प्रत्यक्षात माप असतं ते मिस्त्रीच्या दंडाचं. वॉशर दर वेळी नवा हवा, तो जुनाच उलटा करून बसतो. मग एक दिवस आटे जातात आणि सगळा चेंबर बदलायची वेळ येते. नळीला आटे नाहीत. दुसरा मुद्दा सांडण्याचा. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं ऑईल हा घातक कचरा आहे. पंपात ते थेट बंद टाकीत जातं. घमेल्यातलं मातीत सांडतं आणि पावसात गटारात उतरतं. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधल्या गावात गटारातलं पाणी शेवटी कुठे जातं हे सांगायला नको.

ही चोरवाटही नव्हे. बोटीच्या इंजिनाखाली माणसाला शिरायला जागा नसते, म्हणून तिथे ऑईल वरून पंपानंच काढतात. मर्सिडीजच्या वर्कशॉपमध्ये ते वरून ओढणं नेहमीचं आहे. 1998 साली आलेल्या पहिल्या स्मार्ट गाडीच्या चेंबरला तर नटच नव्हता.

मात्र पंपवाल्यांच्या जाहिरातीही मला पटत नाहीत. ‘थेंबही राहत नाही’ ही तितकीच थाप आहे. पंप कितीही महागडा असो, तो एका वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त ओढ देऊ शकत नाही. बाकी सगळं ऑईलच्या पातळपणावर आणि नळीच्या जाडीवर. नेहमीच्या 5डब्ल्यू-30 ऑईलचा घट्टपणा 40 अंशांना 60-70 सेंटिस्टोक असतो, 100 अंशांना 10-12. नळीचा व्यास निम्मा केला तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून थंड इंजिनात बारीक नळी घालून अर्ध्या तासात उरकलेला बदल खरोखरच वरवरचा असतो, आणि पंपाची बदनामी झाली ती अशाच कामांमुळे. काही इंजिनांत डिपस्टिकची नळी चेंबरच्या मध्येच संपते किंवा आत आडवा पत्रा असतो; तिथे पंप निरुपयोगी. फिल्टर खालून फिरवून काढायचा असेल तर गाडीखाली शिरायचंच आहे, मग नटच सोडा. इंजिनात पुराचं पाणी गेलं असेल, ऑईल दुधाळ झालं असेल किंवा आतून खडखड येत असेल, तरीही नटच. कारण तेव्हा काय काय बाहेर येतं ते डोळ्यांनी पाहायचं असतं.

उरलेल्या गाड्यांचा निकाल मोजपात्रावर सोडा. इंजिन गरम करून पंपानं ऑईल काढायला सांगा, एकदाच नटही सोडायला लावा आणि मागाहून किती येतं ते मोजा. पेलाभर आलं तर पुढच्या खेपांना नटाला हात लावायचं कारण नाही. अर्धा लिटर आलं तर तुमच्या गाडीला नळी मानवत नाही. आणि पद्धत कुठलीही असो, बिल देण्याआधी मिस्त्रीला विचारा की जुनं किती लिटर निघालं आणि नवं किती भरलं. हे दोन आकडे आणि तारीख गाडीच्या पुस्तकात लिहून ठेवा.